विजेच्या तारा आणि शहरातील झाडे



आजच्या व्याख्यानाचा विषय प्रथमदर्शनी किरकोळ वाटण्याजोगा आहे. विजेच्या तारांजवळ वाढणाऱ्या झाडाझुडपांचे काय करावे, एवढाच तो विषय. वीज कशी निर्माण होते, धरणे कशी बांधतात, कोळसा कोठून येतो, या मोठ्या प्रश्नांवर पुष्कळ ग्रंथ लिहिले गेले आहेत. पण शेकडो कोटी रुपये खर्चून निर्माण केलेली वीज घराच्या दाराशी येऊन थांबते आणि दिवा लागत नाही, तेव्हा कारण पुष्कळदा अगदी साधे असते : एक फांदी तारेला टेकलेली असते. निर्मितीकेंद्रापासून आपल्या दिव्यापर्यंतच्या प्रवासात विजेचा मार्ग सर्वांत दुबळा कोठे असेल, तर तो या शेवटच्या उघड्या तारांपाशी. म्हणून हा विषय किरकोळ नाही. २०२० साली कोलकात्याने हे फार मोठी किंमत देऊन अनुभवले आहे, आणि त्या अनुभवाकडे मी पुढे येणारच आहे.

प्रारंभी थोडा इतिहास सांगणे अवश्य आहे. कलकत्त्यात विजेचा दिवा प्रथम २४ जुलै १८७९ रोजी प्रात्यक्षिकादाखल लावण्यात आला. १८९५ मध्ये बंगाल सरकारने शहराच्या विद्युत्‌प्रकाशासाठी स्वतंत्र कायदा केला. १८९७ मध्ये लंडनमध्ये नोंदलेल्या एका कंपनीला येथील परवाना मिळाला आणि लवकरच तिने ‘कलकत्ता इलेक्ट्रिक सप्लाय कॉर्पोरेशन’ हे नाव धारण केले. प्रिन्सेप स्ट्रीटजवळच्या इमामबाग गल्लीतील तिचे पहिले निर्मितीकेंद्र १७ एप्रिल १८९९ रोजी सुरू झाले. १९०२ मध्ये ट्राम विजेवर धावू लागली. आज कोलकाता आणि हावडा या शहरांना व भोवतालच्या काही भागांना मिळून ५६७ चौरस किलोमीटर क्षेत्रात हीच कंपनी वीज पुरविते. बाहेरच्या विस्तीर्ण ग्रामीण आणि उपनगरी प्रदेशाची जबाबदारी राज्य शासनाच्या वितरण कंपनीकडे आहे. राज्य विद्युत् मंडळाची पुनर्रचना होऊन ती २००७ मध्ये अस्तित्वात आली.

शहराच्या जुन्या, दाट वस्तीच्या भागात पुष्कळशा वाहिन्या जमिनीखालून जातात. उपनगरांत आणि खेड्यांत मात्र खांब आणि तारा यांचेच राज्य आहे. आणि बंगालची भूमी अशी, की तेथे काठी रोवली तरी तिला पालवी फुटावी. गंगेचा गाळ, वर्षाकाठी सोळाशे मिलिमीटरहून अधिक पाऊस आणि उष्ण, दमट हवा. वनस्पतींना याहून अनुकूल काय असू शकते? तार एकदा ओढली की ती ओढली त्याच जागी राहते. तिच्याखालचे झाड मात्र रोज वाढत असते. याच शहरात आचार्य जगदीशचंद्र बसूंनी वनस्पतीची वाढ दहा हजार पट मोठी करून दाखविणारे क्रेस्कोग्राफ नावाचे यंत्र बनविले. डोळ्यांना न दिसणारी ही वाढ त्या यंत्राने क्षणाक्षणाला मोजता आली. झाड आज तारेपासून दोन हात दूर आहे, या गोष्टीला म्हणूनच फारसा अर्थ नाही. पुढच्या आश्विनात ते किती दूर असेल, हा खरा प्रश्न आहे.

आता झाड तारेला टेकले म्हणजे नेमके काय घडते, ते पाहू. वरून जाणाऱ्या तारा बहुधा उघड्या असतात. त्यांच्याभोवती हवा असते आणि हवा हेच त्यांचे विद्युत्‌रोधक आवरण. खांबांपाशी चिनी मातीचे किंवा काचेचे विसंवाहक त्यांना आधार देतात. बाकी सर्व अंतर हवेच्या भरवशावर पार पडते. ओली फांदी तारेच्या फार जवळ आली की हा भरवसा संपतो. विजेला फांदीतून, खोडातून, मुळांतून जमिनीकडे जाण्याचा मार्ग मिळतो. उच्च दाबाच्या वाहिनीवर तर फांदीने तारेला प्रत्यक्ष स्पर्श करण्याचीही आवश्यकता नसते. मधल्या हवेतून ठिणगी उडी घेते. मग उपकेंद्रातील स्वयंचलित खटका वाहिनी तोडतो आणि त्या वाहिनीवरची सगळी गावे अंधारात जातात. फांदी जळून गळून पडली, तर खटका पुन्हा जोडता येतो. ती अडकून राहिली, तर पुन्हा जोडला तरी तो पुन्हा तुटतो.

गावातल्या कमी दाबाच्या तारांवर धोक्याचे रूप निराळे असते. तेथे फांदीतून वाहणारा प्रवाह कित्येकदा इतका अल्प असतो की फ्यूज वितळत नाही आणि खटकाही पडत नाही. दिवे लागलेले असतात आणि कोणालाही काही कळत नाही; पण ते झाड, त्याला बांधलेली गाय किंवा त्याखाली उभा असलेला मुलगा संकटात असतो. वाऱ्याने तार तुटून डांबरी रस्त्यावर पडली, तरी ती निर्जीव झाली असे समजू नये. कोरड्या डांबरावर पडलेली तार काही काळ तशीच भारित राहू शकते, आणि साचलेल्या पाण्यात पडलेली तर अधिकच घातक असते.

यात आणखी एका गोष्टीची भर पडते, ती म्हणजे तारेचा झोळ. उष्णतेने धातू प्रसरण पावतो, हे आपण शाळेत शिकलो आहोत. दोन मनोऱ्यांमधील अंतराला तारतंत्री ‘गाळा’ म्हणतात. तीनशे मीटरचा गाळा आणि सहा मीटरचा झोळ असलेली एक तार कल्पनेने डोळ्यांपुढे आणा. भर दुपारचे ऊन आणि वाढलेला विद्युत्‌भार यांमुळे तिचे तपमान चाळीस अंशांनी वाढले, तर तिची लांबी जेमतेम वीतभर वाढते. परंतु मध्यभागी तार सुमारे दीड मीटर खाली येते! थंडीच्या सकाळी पाहणी करणाऱ्याला जे झाड सुरक्षित वाटले, तेच वैशाखाच्या दुपारी तारेला भिडते. आणि वैशाखाच्या दुपारीच विजेची मागणी सर्वाधिक असते.

हे केवळ पुस्तकी गणित नाही. १४ ऑगस्ट २००३ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात ३४५ किलोव्होल्ट दाबाच्या तीन वाहिन्या दुपारी तीन वाजल्यानंतर पाऊण तासाच्या आत एकापाठोपाठ एक झाडांना टेकून बंद पडल्या. यांपैकी पहिली वाहिनी तिच्या क्षमतेच्या निम्मादेखील भार वाहत नव्हती. दोष भाराचा नव्हता, तिच्याखाली वाढू दिलेल्या झाडांचा होता. एका वाहिनीचा भार दुसरीवर, दुसरीचा तिसरीवर असे होत होत चार वाजून गेल्यावर सगळा डोलारा कोसळला आणि अमेरिकेची आठ राज्ये व कॅनडाचा ऑन्टॅरिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. त्यानंतर दीड महिना उलटायच्या आत, २८ सप्टेंबरच्या पहाटे तीन वाजता, स्वित्झर्लंडमधील एका वाहिनीवर झाडामुळे ठिणगी उडाली आणि तिची परिणती म्हणून जवळजवळ संपूर्ण इटली देश अंधारात बुडाला. वर्षानुवर्षे न छाटलेल्या काही झाडांची ही किंमत होती. अमेरिकेने त्यानंतर मोठ्या पारेषण वाहिन्यांखालील झाडांची निगा राखणे कायद्याने बंधनकारक केले.

आता आपल्याकडे वळू. तारांना झाडांपासून होणारा उपद्रव तीन प्रकारचा असतो, आणि तिन्हींवरचे उपाय वेगवेगळे आहेत. ते एकत्र केल्यामुळेच पुष्कळसा घोटाळा होतो.

पहिला प्रकार खालून वाढत येणाऱ्या झाडांचा. हुगळी, नदिया आणि दोन्ही चोवीस परगण्यांतील खेड्यांत यांपैकी सर्वांत कठीण वनस्पती म्हणजे बांबू. बांबूचा कोंब पावसाळ्याच्या आरंभी जमिनीतून वर येतो आणि दोन ते चार महिन्यांत आपली संपूर्ण उंची गाठतो. त्यानंतर तो उंच होत नाही, केवळ पक्व होतो. येथील जाड बांबू पंधरा-वीस मीटरपर्यंत सहज जातो. वितरण वाहिनीची तार त्याच्या निम्म्या उंचीवर असते. माघात बेट छाटून कर्मचारी समाधानाने परतले, तर दुर्गापूजेच्या सुमारास त्या तारेत नव्या बांबूंचे शेंडे वाऱ्याबरोबर डुलत असतात. छाटणीच्या वेळी हे कोंब जन्मालाच आले नव्हते! म्हणून बांबूच्या प्रदेशात दुसरी फेरी श्रावण-भाद्रपदात घ्यावी लागते, म्हणजे नेमकी चिखलपाण्याच्या दिवसांत, जेव्हा कोणीही ती घ्यायला उत्सुक नसतो. शिवाय बांबूचे बेट ही त्या शेतकऱ्याची गंगाजळी असते. मुलीच्या लग्नाला किंवा घराच्या छपराला तो ती मोडतो. त्याला न विचारता, न समजावता बेट तोडले की पुढच्या वर्षी तो कोयतेवाल्यांना बांधावर उभे राहू देत नाही. त्याऐवजी तारेखालच्या पट्ट्यात हळद, आले, अननस, भाजीपाला अशी ठेंगणी पिके घेण्यास त्याला साहाय्य केले, तर पट्टाही मोकळा राहतो आणि त्याचे उत्पन्नही बुडत नाही.

या पट्ट्याविषयी दोन शब्द. वाहिनीचा दाब जितका अधिक, तितका हा पट्टा रुंद ठेवावा लागतो. वनक्षेत्रातून जाणाऱ्या वाहिन्यांसाठी केंद्र शासनाने ठरविलेली मापे पाहा : ११ किलोव्होल्टला ७ मीटर, ३३ ला १५, १३२ ला २७ आणि २२० ला ३५ मीटर. तार आणि झाड यांतील किमान अंतरही ठरलेले आहे. ११ किलोव्होल्टला २.६ मीटर, १३२ ला ४ मीटर आणि ४०० ला साडेपाच मीटर. पट्टा मोकळा ठेवायचा म्हणजे तो उजाड करायचा, असा मात्र याचा अर्थ नव्हे. अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात १९५३ पासून एका वाहिनीखालच्या पट्ट्यावर अनेक दशके संशोधन चालू राहिले. शिकारी लोकांनी तणनाशकांविषयी केलेल्या तक्रारींतून त्याचा आरंभ झाला होता. त्यातून असे आढळले की, थेट तारांखाली गवत आणि ठेंगणी झुडपे, व त्याच्या दोन्ही कडांना मध्यम उंचीची झुडपे राखली, तर हे दाट झुडूपच उंच झाडांच्या रोपांना वर येऊ देत नाही. पशुपक्ष्यांनाही तेथे आसरा मिळतो. जमीन उघडी केली, की तेथे सर्वांत आधी येतात ती भराभर वाढणारी, नको असलेलीच झाडे.

दुसरा प्रकार वेलींचा आणि झावळ्यांचा. खांबाला तोल देणाऱ्या ताणाच्या तारेवरून तोंडलीसारखी एखादी वेल चढत जाते आणि पावसाळा संपण्यापूर्वी विसंवाहकांना मिठी घालते. नारळ-सुपारीच्या बागांत वाळलेल्या झावळ्या वाऱ्याने तारांवर येऊन आडव्या पडतात. येथे एक गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे. नारळ, ताड, सुपारी या वृक्षांना शेंड्याशी एकच अंकुर असतो. आंब्याची किंवा लिंबाची फांदी छाटली तर दुसरी फुटते. नारळाचा शेंडा छाटला तर झाड मरते. म्हणून तारेखाली नारळ असेल, तर छाटणी हा त्यावरचा उपाय होऊच शकत नाही. एक तर तार हलवावी लागते, नाही तर मालकाला मोबदला देऊन झाड काढावे लागते. याला तिसरा मार्ग नाही. पश्चिम किनाऱ्यालाही हा धडा अपरिचित नाही. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळाने रायगड जिल्ह्यातील नारळी-पोफळीच्या बागा आडव्या केल्या, तेव्हा त्या बागांमधून गेलेल्या तारा आणि खांबही त्यांच्याबरोबर जमिनीवर आले.

तिसरा प्रकार सर्वांत गंभीर. तो म्हणजे उभ्या झाडांच्या कोसळण्याचा. कोलकात्याची कहाणी प्रामुख्याने याच प्रकारात मोडते.

चैत्र-वैशाखात छोटा नागपूरच्या पठाराकडून संध्याकाळी अकस्मात येणारी कालबैशाखी दर वर्षी काही झाडे पाडतेच. २५ मे २००९ रोजी आलेल्या ‘आयला’ चक्रीवादळाने शहरातील असंख्य वृक्ष उलथून टाकले होते. पण २० मे २०२० रोजी ‘अम्फान’ आले, तेव्हा जे घडले ते या पिढीने पूर्वी पाहिले नव्हते. सुंदरबनाच्या किनाऱ्यावर ताशी १५५ ते १६५ किलोमीटर वेगाने ते धडकले, आणि दमदम येथेही वाऱ्याचा वेग ताशी १३० किलोमीटरच्या आसपास गेला. एका रात्रीत शहरातील किती झाडे पडली? पहिल्या अंदाजांत ही संख्या पाच हजार होती. नंतरच्या मोजणीत ती पंधरा हजारांच्या घरात गेली. राज्यातील मृतांपैकी पुष्कळ जण अंगावर झाड पडून किंवा विजेच्या धक्क्याने दगावले.

त्यानंतरचे दिवस अधिक कठीण होते. साथीमुळे देशभर टाळेबंदी होती. कुशल कामगार गावी परतले होते. पडलेले झाड हलविल्याशिवाय तारेला हात लावता येईना, आणि तारेतील वीज बंद असल्याची खात्री झाल्याशिवाय झाडाला हात लावता येईना. एक काम महापालिकेचे, दुसरे वीज कंपनीचे. दोघेही एकमेकांची वाट पाहत होते. बेहाला, गडिया, जादवपूर, टॉलीगंज अशा दक्षिणेकडील भागांत कित्येक दिवस वीज नव्हती. वीज नाही म्हणून पंप नाहीत आणि पंप नाहीत म्हणून पाणी नाही. म्हातारी माणसे बहुमजली इमारतींत अडकून पडली. नागरिक रस्त्यावर उतरले. शेवटी २३ मे रोजी राज्य शासनाला रस्ते मोकळे करण्यासाठी सैन्याला पाचारण करावे लागले.

वादळ हे नैसर्गिक संकट, त्याला कोण काय करणार, असे म्हणून हा विषय मिटविता येणार नाही. तीच हवा, तोच वेग. मग शेजारी उभ्या असलेल्या दोन झाडांपैकी एक का पडले आणि दुसरे का टिकले? याचे उत्तर जमिनीखाली आहे. झाडाला धरून ठेवणारी मुळे बहुतांशी मातीच्या वरच्या थरात आडवी पसरतात. कोलकात्याच्या चिकण गाळात भूजल फार वर असल्याने ती अधिकच उथळ राहतात. या उथळ मुळांवर आपण काय काय केले? बुंध्याला भिडवून पदपथाचे सिमेंट ओतले. पाण्याचे नळ, गटारे, दूरध्वनी आणि विजेच्या केबली यांसाठी झाडांच्या अगदी पायथ्याशी चर खणले, आणि प्रत्येक चराबरोबर एका बाजूची मुळे तुटली. वरून झाड हिरवेगार दिसते, फुलते, सावली देते; पण त्याची अर्धी पकड केव्हाच गेलेली असते. अशा झाडाला पाडायला अम्फानसारखे वादळ यावे लागत नाही, कालबैशाखी पुरते. आणि यातील विपरीत गोष्ट अशी की, तारा सुरक्षित व्हाव्यात म्हणून केबल जमिनीखाली घालताना खणलेला चरच झाडाला दुबळे करतो, आणि मग ते झाड पडताना मुळांबरोबर त्या केबलीलाही उपटून वर आणते.

वटवृक्षाचे उदाहरण बोलके आहे. हावड्यात शिबपूरच्या वनस्पती उद्यानातील जगप्रसिद्ध महावट आपण पाहिला असेल. १८६४ आणि १८६७ च्या चक्रीवादळांचे आघात त्याने सोसले. पुढे बुरशीने पोखरलेले त्याचे मुख्य खोड १९२५ मध्ये काढून टाकावे लागले. अम्फाननेही त्याची बरीच हानी केली. तरी तो आजही उभा आहे, कारण हजारो पारंब्यांनी जमिनीत पाय रोवून त्याला तोलून धरले आहे. रस्त्याकडेच्या वडाच्या पारंब्या मात्र वाहतुकीला अडथळा म्हणून कोवळ्या असतानाच कापल्या जातात. मग मोठा विस्तार, जड माथा आणि आधाराला एकच खोड, अशी त्याची स्थिती होते. आपण त्याचे पाय कापतो आणि तो कोसळला की वाऱ्याला दोष देतो.

झाडांच्या निवडीचाही यात भाग आहे. कृष्णचूडा (गुलमोहर) आणि राधाचूडा (सोनमोहर) ही झाडे लवकर वाढतात, रस्त्याला रंग देतात. म्हणून ती मोठ्या प्रमाणावर लावली गेली. पण त्यांचे लाकूड ठिसूळ आणि मुळे उथळ. बकुळ, निंब, जारुल (ताम्हण) ही सावकाश वाढणारी, चिवट झाडे वाऱ्याला अधिक दाद देत नाहीत. तारेखालच्या जागेत तर उंच झाड मुळातच लावू नये. रस्त्याच्या कडेने जाणारी कमी दाबाची तार जमिनीपासून साडेपाच मीटरच्या आसपास असते. तिच्याखाली शिउली (पारिजातक), टगर, कामिनी (कुंती), जास्वंद यांना भरपूर जागा आहे. दर वर्षी वनमहोत्सवात उत्साहाने रोप लावताना मान वर करून एकदा आकाशाकडे पाहिले, तरी पुढच्या पंचवीस वर्षांचे भांडण टळेल.

आता छाटणीविषयी. आपल्याकडे छाटणी म्हणजे माथा उडविणे असा समज रूढ आहे. कंत्राटदाराचा माणूस चढतो आणि तारेच्या पातळीला सरसकट सर्व फांद्या तोडतो. झाड मग जिवाच्या आकांताने प्रत्येक तोडलेल्या टोकापासून दहा-दहा धुमारे फेकते. ते सरळ वर, तारेच्याच दिशेने वाढतात आणि खोडाला फार कच्चे जोडलेले असतात. दोन पावसाळ्यांत पूर्वीपेक्षा दाट आणि पूर्वीपेक्षा तकलादू माथा तयार होतो, आणि तोडलेल्या टोकांमधून पाणी व बुरशी आत शिरून खोड पोखरते. अमेरिकेच्या वनविभागातील अ‍ॅलेक्स शिगो या शास्त्रज्ञाने हजारो खोडे उभी चिरून हे दाखवून दिले की, झाडाची जखम आपल्या जखमेसारखी भरून येत नाही. झाड त्या भागाभोवती भिंत घालून त्याला वेगळे करते. फांदी जेथे खोडाला मिळते तेथे एक फुगीर कडे असते. त्या कड्याच्या बाहेरून नेमका छेद घेतला, तर ही भिंत चांगली उभी राहते. म्हणून योग्य रीत अशी की, तारेकडे जाणारी फांदी तिच्या मुळापासून काढावी आणि तारेपासून दूर जाणाऱ्या फांद्या राखाव्यात. झाड मग आपोआप दुसरीकडे वळते. याला अधिक वेळ लागतो, शिकलेला माणूस लागतो आणि पहिल्या वर्षी खर्चही अधिक येतो. पण पुढची छाटणी दोन-तीन वर्षे लांबते.

येथे एका माणसाची आठवण ठेवली पाहिजे, तो म्हणजे प्रत्यक्ष झाडावर चढणारा. तो बहुधा कंत्राटी मजूर असतो. वाहिनी बंद केल्याचा निरोप तोंडी मिळालेला असतो, आणि पलीकडच्या एखाद्या घरातील जनित्रातून उलट आलेल्या विजेचा त्याला पत्ता नसतो. वाहिनी बंद करणे, ती बंद असल्याची उपकरणाने खातरजमा करणे, तार जमिनीशी जोडणे आणि मगच कुऱ्हाड हाती घेणे, हा क्रम एकदाही मोडता कामा नये. आपल्या दिव्यासाठी कोणाच्या घरचा दिवा विझावा, इतकी घाई कोणत्याही कामात नसते.

कायदा याबाबत मुका नाही. २००३ च्या विद्युत् कायद्याच्या ६८ व्या कलमानुसार तारेत अडथळा आणणारे झाड कार्यकारी दंडाधिकाऱ्याच्या किंवा शासनाने नेमलेल्या प्राधिकाऱ्याच्या आदेशाने काढता अथवा छाटता येते. ‘झाड’ या शब्दात तेथे झुडूप, कुंपण आणि रानवाढ यांचाही समावेश केला आहे. झाड तारेच्या आधीपासून तेथे असेल, तर मालकाला भरपाई देण्याची तरतूद आहे. नंतर लावले असेल, तर नाही. आधी कोण आले, या प्रश्नाला कायद्याने असे महत्त्व दिले आहे आणि ते न्याय्यच आहे. दुसऱ्या बाजूला पश्चिम बंगालमध्ये वनक्षेत्राबाहेरील वृक्षांच्या रक्षणासाठी २००६ चा कायदा आहे. महाराष्ट्रात नागरी भागांसाठी असाच कायदा १९७५ पासून आहे. एक कायदा तारेचे रक्षण करतो, दुसरा झाडाचे. दोहोंचे अधिकारी वर्षातून एकदाही एका टेबलाशी बसत नसतील, तर निर्णय कोण घेणार? तो वादळ घेते.

झाडाचे मोल किती, असाही प्रश्न या प्रसंगी विचारला जातो. १९७९ मध्ये कलकत्ता विद्यापीठाचे प्राध्यापक तारकमोहन दास यांनी पन्नास वर्षे जगलेल्या एका मध्यम वृक्षाच्या सेवेचे मोल १५ लाख ७० हजार रुपये असे मांडले होते. त्यांच्या हिशेबाविषयी मतभेद होऊ शकतील. पण ज्या शहरात उन्हाळ्याची दुपार सावलीवाचून काढता येत नाही, तेथे ‘सर्व झाडे तोडा म्हणजे वीज जाणार नाही’ हे उत्तर कोणी गांभीर्याने देऊ शकणार नाही. झाडे गेली की शहर अधिक तापेल, अधिक पंखे व वातानुकूलन यंत्रे चालतील, तारांवरचा भार वाढेल आणि त्यांचा झोळही.

मग करावे काय? उपाय अवघड नाहीत. ते नियमितपणे करणे अवघड आहे. पहिली गोष्ट नोंदवहीची. प्रत्येक वाहिनीवरच्या प्रत्येक गाळ्याखाली कोणती झाडे आहेत, त्यांची जात, उंची, कल आणि मुळांची स्थिती काय आहे, हे लिहिलेले असावे. दुसरी गोष्ट पंचांगाची. मोठी छाटणी कालबैशाखीच्या आधी, फाल्गुनाअखेर पुरी व्हावी आणि बांबू व वेली यांची फेरी भर पावसाळ्यात व्हावी. तिसरी, जेथे मोठी, जुनी, राखण्याजोगी झाडे आहेत, तेथे उघड्या तारा काढून आवरण असलेल्या, एकत्र पिळलेल्या केबली टांगाव्यात; फांदी घासली तरी त्या चटकन बंद पडत नाहीत. चौथी, केबल भूमिगत करायची असेल, तर चर बुंध्यापासून दूर असावा, किंवा मुळांच्या खालून छिद्र पाडून नळी न्यावी. हा मार्ग महाग आहे आणि त्यातला बिघाड शोधायला वेळ लागतो. म्हणून तो सर्वत्र शक्य नाही. पाचवी गोष्ट, बुंध्याभोवती माती मोकळी ठेवावी. याला तर पैसाही लागत नाही. आणि सहावी, पोकळ किंवा झुकलेले झाड शोधून ते वेळीच, परवानगीने, दिवसाउजेडी काढावे आणि त्याच्या बदल्यात योग्य जागी योग्य झाड लावावे. झाडावर प्रेम करणाऱ्यांनी या शेवटच्या कामाला विरोध करू नये, अशी माझी त्यांना विनंती आहे. मरणोन्मुख झाड वाचविण्याच्या आग्रहात खालून जाणाऱ्या माणसाचा विचार सुटता कामा नये.

नागरिकांकडे कामे थोडीच आहेत, पण ती त्यांच्यावाचून होणार नाहीत. फांदी तारेला टेकलेली दिसली, तर स्वतः कोयता घेऊन चढू नये; वीज कार्यालयाला कळवावे आणि कळविल्याची नोंद ठेवावी. तुटून पडलेल्या तारेपासून आठ-दहा मीटर दूर राहावे आणि इतरांना दूर ठेवावे. छाटणीसाठी काही तास वीज बंद राहील अशी सूचना मिळाली, तर त्या तासांबद्दल कुरकूर करू नये. अम्फाननंतर जे दिवस अंधारात गेले, त्यांच्यापुढे हे तास काहीच नाहीत.

बंगालच्या उपसागरात पुढचे वादळ केव्हा निर्माण होईल, हे आज कोणालाही सांगता येणार नाही. ते येईल तेव्हा त्याच्या वाटेत कोणती झाडे आणि कोणत्या तारा उभ्या असतील, हे मात्र आजच आपल्या गल्लीत फिरून पाहता येते.